वाचक विचारतात : पेशींवरचे केस आणि उजवीकडचे हृदय

पक्ष्माभिका, म्हणजेच सिलिया किंवा पेशींवरचे सूक्ष्म केस, या विषयावर आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. काही पत्रे घरातल्या आजारपणाची आहेत. त्यांची उत्तरे वाचून कोणी चालू औषध बंद करू नये किंवा बदलू नये. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : शाळेत पॅरामिशियमच्या पक्ष्माभिका शिकवतात आणि विषय तिथेच संपतो. माणसासारख्या प्राण्यांत त्या कुठे असतात आणि काय करतात? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : कुठे नसतात ते सांगणे सोपे. तांबड्या रक्तपेशींवर नसतात, यकृताच्या मुख्य पेशींवर नसतात. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या बाकी बहुतेक पेशींवर कधी ना कधी एक तरी पक्ष्माभिका उगवतेच. मात्र त्यांचे दोन गट सुरुवातीलाच वेगळे करून घ्या, कारण पुढची सगळी उत्तरे या फरकावर उभी आहेत.

पहिला गट हलणाऱ्यांचा. नाक, सायनस, श्वासनलिका, घशातून मध्यकर्णाकडे जाणारी नळी, मेंदूतील पोकळ्यांचे अस्तर, गर्भनलिका, वृषणातून बाहेर पडणाऱ्या बारीक नलिका, एवढ्या ठिकाणी त्या असतात. श्वासनलिकेतल्या एका पेशीवर दोनशे-तीनशे असतात. प्रत्येकीची लांबी ६ ते ७ मायक्रॉन, जाडी साधारण पाव मायक्रॉन आणि वेग सेकंदाला १० ते १५ फटके. आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कडेने सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या नलिका दिसतात. याला ९+२ रचना म्हणतात. प्रत्येक जोडीला डायनीन या प्रथिनाचे बाहेरचे आणि आतले असे हात असतात. एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून हे हात शेजारच्या जोडीला पुढे ढकलतात. नलिका तळाशी घट्ट बसवलेल्या आणि एकमेकींना बांधलेल्या असल्याने नुसत्या सरकू शकत नाहीत, म्हणून वाकतात. फटक्याचा वेग मुख्यतः बाहेरच्या हातांवर अवलंबून असतो, वळणाचा आकार आतल्या हातांवर. कफाच्या थराखाली सुमारे ७ मायक्रॉन खोलीचा पातळ द्रव असतो. पुढच्या फटक्याला पक्ष्माभिका ताठ उभी राहते आणि तिचे टोक कफाला जेमतेम लागते. परत येताना ती वाकून त्या पातळ द्रवातूनच येते. पातळ थर आटला की टोके कफात रुततात, आणि थर फार खोल झाला तर ती कफापर्यंत पोहोचतच नाहीत.

दुसरा गट एकेकटीचा. एका पेशीला एकच, मधली जोडी नाही, म्हणून ९+०, आणि डायनीनचे हात नसल्याने न हलणारी. हिला प्राथमिक पक्ष्माभिका म्हणतात. कार्ल त्सिमरमान यांनी १८९८ मध्ये तिचे वर्णन केले, पण पुढची शंभर वर्षे बहुतेकांनी तिला निरुपयोगी अवशेष समजून बाजूला ठेवले. प्रत्यक्षात ती बाहेरची खबर पेशीच्या आत पोहोचवते. पेशी विभाजित होण्याआधी ती मोडते, कारण तिच्या बुडाशी असलेला तारककण विभाजनाच्या कामाला लागतो. विभाजन झाले की पुन्हा उगवते.

नियमाला अपवाद आहेत आणि तेच मजेचे आहेत. सस्तन प्राण्यांच्या गंधपेशींच्या पक्ष्माभिका ९+२ रचनेच्या असतात, पण त्यांना डायनीनचे हात नसतात, म्हणून त्या हलत नाहीत. उलट, गर्भाच्या एका टप्प्यावर काही पक्ष्माभिका ९+० असूनही फिरतात. त्या पुढच्या उत्तरात येतील.

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलाचे हृदय उजवीकडे आहे. जन्मापासून ओला खोकला, चोंदलेले नाक आणि वाहणारा कान आहे. डॉक्टर म्हणाले, श्वासनलिकेतील केसांचा जन्मजात दोष असावा. मोठ्या मुलीलाही तसाच खोकला आहे, पण तिचे हृदय डावीकडे. मग दोघांना एकच आजार कसा? (पालक, जालना)

उत्तर : एकच असू शकतो. तुमच्या घरातली ही विसंगतीच निदानाला मदत करणारी आहे.

सतत वाहणारे सायनस, रुंदावून निकामी झालेल्या श्वासनलिका आणि उलट्या बाजूचे अवयव, या त्रिकुटावर झुरिचच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये लिहिले. छातीतल्या कफाचा हृदयाच्या जागेशी काय संबंध, हे पुढे चाळीस वर्षे कोणाला सांगता आले नाही. स्टॉकहोमचे ब्योर्न आफ्झेलियस हे शुक्राणूंच्या शेपटीचा अभ्यास करत होते. अशा पुरुषांच्या न हलणाऱ्या शुक्राणूंत त्यांना डायनीनचे हातच दिसले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी मांडले की शुक्राणूची शेपटी आणि श्वासनलिकेतील पक्ष्माभिका दोन्हींत दोष तोच आहे, आणि गर्भातही हलणाऱ्या पक्ष्माभिकाच अवयवांची बाजू ठरवत असाव्यात. तसे झाले नाही तर बाजू नशिबावर ठरेल, म्हणजे निम्म्या रुग्णांचे हृदय उजवीकडे येईल. प्रत्यक्ष आकडाही निम्म्याच्या आसपासच आहे.

गर्भातले काम कोणते, ते उंदराच्या गर्भात स्पष्ट झाले. आठव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या पोटाच्या बाजूला नोड नावाचा उथळ खळगा असतो. त्यातल्या दोन-तीनशे पेशींना प्रत्येकी एक ९+० पक्ष्माभिका असते. तिला मधली जोडी नाही, पण डायनीनचे हात आहेत. त्यामुळे ती पुढे-मागे फटके न मारता गोल फिरते, मिनिटाला सुमारे ६०० वेळा. सगळ्या पक्ष्माभिका शेपटीच्या दिशेला कललेल्या असतात. त्यामुळे फेरीचा अर्धा भाग पेशींच्या पृष्ठाला घासून जातो आणि तिथे द्रव अडतो. उरलेला अर्धा भाग उंचावरून जातो आणि तोच द्रव ढकलतो. त्या उंचावरच्या भागाची दिशा डावीकडे असल्याने सगळा प्रवाह डावीकडे वाहतो. खळग्याच्या काठावर न हलणाऱ्या पक्ष्माभिका असतात, त्या हा प्रवाह ओळखतात. मग डाव्या बाजूला नोडल आणि पिट्क्स२ ही जनुके जागी होतात आणि ती बाजू ‘डावी’ ठरते. जपानमधल्या संशोधकांनी उंदराच्या गर्भावर पंपाने उलटा, उजवीकडे जाणारा जोरदार प्रवाह सोडला, तेव्हा निरोगी गर्भाचीही बाजू उलटली. हा पुरावा २००२ चा. आणखी आश्चर्य म्हणजे खळग्यात फिरणाऱ्या दोनच पक्ष्माभिका उरल्या तरी बाजू बरोबर ठरू शकते, असेही पुढे दिसले.

प्रवाहच नसेल तर नाणे उडवल्यासारखे होते. एकाच आईवडिलांची, एकच दोष घेऊन आलेली दोन मुले वेगवेगळ्या बाजूंची निघतात. एकसारख्या जुळ्यांतही असा फरक नोंदलेला आहे.

आता तुमच्या उपयोगाचा मुद्दा. ज्या घरांत दोष पक्ष्माभिकेच्या मधल्या जोडीत किंवा तिच्याकडे जाणाऱ्या आऱ्यांत असतो, त्या घरांत खोकला तसाच असतो, पण हृदय कोणाचेच उजवीकडे नसते. नोडमधल्या पक्ष्माभिकांना मधली जोडी मुळातच नसल्याने तिथे बिघडायला काही उरत नाही. एका पेशीवर शेकड्यांनी पक्ष्माभिका उगवण्याची प्रक्रियाच बिघडली असेल तरीही बाजू बरोबर राहते. तुमच्या मुलाचे हृदय उजवीकडे आहे, म्हणून दोष बहुधा डायनीनच्या हातांत किंवा ते हात जुळवणाऱ्या प्रथिनांत असावा. जनुक तपासताना सुरुवात कुठून करायची, हे यावरून ठरवता येते.

उलट टोकाची घाईही नको. हृदय उजवीकडे असलेल्या सगळ्यांना हा आजार नसतो. सगळे अवयव उलटे असलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्साच या आजाराचा असतो. मुलाच्या हृदयाची इको आणि पोटाची सोनोग्राफी मात्र करून घ्या. सगळे अवयव आरशातल्यासारखे नीट उलटे असतील तर सहसा काही बिघडत नाही. अर्धे उलटे आणि अर्धे सुलटे असतील तर हृदयात गंभीर रचनादोष असण्याचा धोका मोठा असतो. शाळेच्या ओळखपत्रावर ‘हृदय उजवीकडे’ असे ठळक लिहा. ईसीजीच्या तारा उलट्या लावाव्या लागतात आणि अपेंडिक्सचे दुखणे डावीकडे येते.

उपचारात मूळ दोष दुरुस्त होत नाही; पक्ष्माभिकांचे काम हातांनी करावे लागते. फिजिओथेरपिस्टकडून छाती मोकळी करण्याची पद्धत शिकून रोज, बरे वाटत असले तरी, ती करायची. खोकला दाबणारी सिरप देऊ नका, कारण या मुलांकडे कफ बाहेर काढण्याचा खोकला हाच एक मार्ग उरलेला असतो. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी वेळेवर द्या आणि ऐकण्याची तपासणी करा. वारंवार संसर्ग होणाऱ्यांत ॲझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा, सहा महिने दिल्यास छातीचे हल्ले साधारण निम्मे झाल्याचे २०२० च्या चाचणीत दिसले. पण ते सुरू करायचे की नाही हे थुंकीची तपासणी आणि ईसीजी पाहून छातीचे डॉक्टर ठरवतील. क्षयाचा किंवा त्याच्यासारख्या जंतूचा संसर्ग असेल तर ते एकटे देणे घातक ठरते.

हा दोष बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतो, म्हणून पुढच्या प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता राहते. मामे-आते नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत ती प्रत दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो.

प्रश्न : जिभेवर गोड चव येण्याची वाट पाहायची, अशी नाकातील पक्ष्माभिकांची एक सोपी चाचणी आहे असे वाचले. ती घरी करता येते का? आणि खात्रीची तपासणी कोणती? (वैद्यकीय विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : ती सॅकरिनची चाचणी. एक-दीड मिलिमीटरचा सॅकरिनचा कण नाकाच्या खालच्या शंखास्थीवर (नाकपुडीच्या बाजूच्या भिंतीवरील उंचवट्यावर), तिच्या पुढच्या टोकापासून सुमारे एक सेंटीमीटर मागे ठेवायचा. अगदी टोकावर ठेवला तर फसगत होते, कारण तिथल्या अस्तरावर पक्ष्माभिका नसतात आणि कण जागचा हलत नाही. मग डोके किंचित पुढे वाकवून स्वस्थ बसायचे. नाक ओढायचे नाही, शिंकरायचे नाही, खायचे-प्यायचे नाही. अर्ध्या-एक मिनिटाने एकदा गिळायचे. चव साधारण २० मिनिटांच्या आत यावी. अर्धा तास उलटला तर वाहतूक मंद आहे. शेवटी सॅकरिन थेट जिभेवर ठेवून त्या माणसाला ती चव लागते ना, हे पाहायला विसरू नका.

घरी करू नका, कारण निष्कर्षाचा उपयोग नाही. लहान मूल तासभर न शिंकता बसत नाही आणि नुकती सर्दी झाली असेल तर निरोगी माणसाचाही निकाल बिघडतो. म्हणून जन्मजात दोषाच्या निदानासाठी ही चाचणी आता मानत नाहीत.

खात्रीची एकच तपासणी नाही, तीन-चार जोडाव्या लागतात. नाकातील नायट्रिक ऑक्साइड या आजारात फारच कमी असतो. पाच वर्षांवरच्या मुलात मिनिटाला ७७ नॅनोलिटरपेक्षा कमी मिळाला तर संशय पक्का होतो, पण सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या जन्मजात आजारातही तो कमी असू शकतो म्हणून घामाची तपासणी आधी. मग नाकातून बारीक ब्रशने पेशी काढून वेगवान कॅमेऱ्याखाली फटक्याचा आकार पाहतात. ब्रश सर्दीनंतर किमान चार ते सहा आठवड्यांनी लावावा. विषाणूने पेशी सोलवटलेल्या असताना घेतलेला नमुना हमखास दिशाभूल करतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डायनीनचे हात दिसले नाहीत तर निदान ठरते, पण दिसले म्हणून आजार नाही असे होत नाही. सुमारे तीस टक्के रुग्णांत रचना ठीकठाक दिसते. डीएनएएच११ या जनुकाचा दोष त्यातलाच. जनुक तपासणीत आता पन्नासहून अधिक जनुके पाहावी लागतात.

तपासणीला कोणाला पाठवायचे? दिवस भरून जन्मलेल्या बाळाला कारण न सापडता श्वासाचा त्रास आणि ऑक्सिजनची गरज, सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला बारमाही ओला खोकला, तितकेच जुने बारमाही चोंदलेले नाक, आणि बाजू बदललेले अवयव. यांपैकी दोन गोष्टी सापडल्या की पाठवावे. आपल्याकडे अशा मुलांना आधी क्षयाचे, मग दम्याचे औषध मिळते. क्षयाचा विचार करणे चूक नाही. त्याचा पुरावा न मिळताही पुन्हा पुन्हा तेच औषध देणे चूक.

प्रश्न : रोज जलनेती केल्याने या केसांना इजा होते का? मीठ किती घालावे? (ठाणे)

उत्तर : मिठाचे प्रमाण आणि पाण्याची शुद्धता सांभाळली तर होत नाही. रक्ताइतकी क्षारता हवी, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट पाऊण चमचा त्याच्या जवळ जातो, पण काट्यावर एकदा मोजून चमचा ठरवलेला बरा. साध्या पाण्याने नाक झोंबते, कारण पाणी पेशींत शिरून त्या फुगतात, आणि अशा पाण्यात पक्ष्माभिका मंदावतात.

पाणी उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट खळखळू द्यावे आणि कोमट करून वापरावे. नळाचे, विहिरीचे किंवा फिल्टरचे पाणी तसेच वापरू नये. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा प्यायलेल्या पाण्यातून काही करत नाही, पण नाकाच्या छतातून मेंदूत शिरला तर वाचणे दुर्मीळ. पात्र दरवेळी धुऊन कोरडे करावे. नंतर वाकून पाणी गळू द्यावे, जोराने शिंकरल्यास ते मध्यकर्णाकडे ढकलले जाते. नाक पूर्ण बंद असताना किंवा कान दुखत असताना नेती नको.

नेतीने खपल्या निघतात आणि चिकटा सैल होतो, एवढाच तिचा उपयोग. तिच्याने पक्ष्माभिकांची संख्या वाढत नाही. आणि विचारलेले नाही तरी सांगतो : तान्ह्या बाळाच्या नाकात तेल-तूप घालू नका. ते फुप्फुसात उतरले की पक्ष्माभिकांना ते वर आणता येत नाही आणि सहज बरा न होणारा न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रश्न : वडिलांच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी आहेत. हा पक्ष्माभिकांचा आजार आहे असे कळले. मूत्रपिंडात हलणारे केस कुठे असतात? (नाशिक)

उत्तर : हलणारे नसतातच. मूत्रनलिकेच्या जवळजवळ प्रत्येक पेशीला एक प्राथमिक पक्ष्माभिका असते, लघवीच्या प्रवाहात डोकावणारी. पॉलिसिस्टिन-१ आणि पॉलिसिस्टिन-२ ही प्रथिने तिच्यावर बसतात. पीकेडी१ किंवा पीकेडी२ या जनुकांत बिघाड झाला की पाण्याने भरलेल्या गाठी वाढत जातात. पीकेडी१ चा दोष अधिक आढळतो आणि मूत्रपिंड लवकर थकवतो. पीकेडी२ चा सावकाश जातो.

हा धागा सापडला तो एका हिरव्या शेवाळात. येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळाच्या कशाभिकेत (पक्ष्माभिकेसारख्याच रचनेच्या लांब शेपटीत) वर-खाली धावणारे कण पाहिले. पक्ष्माभिकेत प्रथिने तयार होत नाहीत, तळापासून टोकापर्यंत अशी वाहून न्यावी लागतात. २००० मध्ये कळले की या वाहतुकीतले एक प्रथिन, आयएफटी८८, उंदरात बिघडले की त्याच्या मूत्रपिंडात गाठी होतात. तोवर निरुपयोगी मानलेल्या एकेकट्या पक्ष्माभिकेकडे सगळे वळले ते यानंतर.

गाठी का वाढतात? प्रवाहाने वाकलेल्या पक्ष्माभिकेतून कॅल्शियम पेशीत शिरते आणि तोच ‘वाढू नको’चा निरोप, असे २००१ ते २००३ च्या प्रयोगांवरून पुस्तकांत गेले. २०१६ च्या काटेकोर मोजमापात तसे कॅल्शियम शिरताना दिसले नाही. आमच्या मते सर्वांत बोलका प्रयोग २०१३ चा आहे. पॉलिसिस्टिन काढले की गाठी वाढतात. पण पॉलिसिस्टिनसोबत पक्ष्माभिकाही काढली तर त्या कमी वाढतात. म्हणजे वाढीचा निरोप पक्ष्माभिकेतूनच येतो आणि पॉलिसिस्टिन त्याला आवर घालते.

आता घरच्यांसाठी. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. घरात आजार ठरलेला असेल तर सोनोग्राफीत १५ ते ३९ वयात दोन्ही मूत्रपिंडे मिळून तीन गाठी, ४० ते ५९ मध्ये प्रत्येकात दोन, साठीनंतर प्रत्येकात चार असल्या तर निदान होते. विशीत सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून सुटका झाली असे धरू नका. म्हातारपणी सापडणारी एखाद-दुसरी साधी गाठ मात्र हा आजार नव्हे. रक्तदाब आतापासून सांभाळा, मीठ कमी करा. घरात कोणाला मेंदूतील रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. टॉल्व्हॅप्टन हे औषध गाठींचा वेग कमी करते, पण तहान आणि लघवी प्रचंड वाढते आणि यकृताची तपासणी पहिले दीड वर्ष दरमहा करावी लागते.

प्रश्न : पुतण्याला जन्मतः दोन्ही पायांना सहावे बोट होते, ते काढले. आता आठव्या वर्षी वजन खूप वाढले आहे आणि संध्याकाळी त्याला नीट दिसत नाही. या तीन गोष्टींचा संबंध असेल का? (चंद्रपूर)

उत्तर : असू शकतो, आणि वेळ घालवू नका. करंगळीच्या बाजूचे जादा बोट, लहानपणीचा लठ्ठपणा आणि रातांधळेपणा एकत्र आले तर बार्डेट-बीडल सिंड्रोमचा विचार करावा लागतो. नुसते सहावे बोट निरोगी मुलांतही पुष्कळदा असते, त्याने घाबरू नये.

तिन्हींची मुळे प्राथमिक पक्ष्माभिकेत आहेत. बोटांची संख्या ठरवणारा हेजहॉग हा संदेश पृष्ठवंशीयांत पक्ष्माभिकेतूनच जातो. संदेश येताच पॅच्ड हे प्रथिन तिच्यातून बाहेर पडते, स्मूदन्ड आत शिरते आणि पुढची जनुके चालू-बंद होतात. ही ये-जा बिघडली की बोट जादा येते. फळमाशीत हाच संदेश पक्ष्माभिकेशिवाय चालतो, त्यामुळे माशीवर काम करणाऱ्यांना हा दुवा सापडला नव्हता. तो २००३ मध्ये उंदरात सापडला. भुकेचे म्हणाल तर मेंदूतील भूक आवरणाऱ्या चेतापेशींचे ग्राही (संदेश पकडणारी प्रथिने) पक्ष्माभिकेवर बसतात. ते तिथे पोहोचले नाहीत तर पोट भरल्याचे कळत नाही. मुलाला हावरट म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

डोळ्याचे गणित सर्वांत अवघड. दृष्टिपटलाच्या दंडपेशीचा प्रकाश टिपणारा भाग हीच एक बदललेली पक्ष्माभिका आहे. त्यात सुमारे हजार चकत्या असतात, रोज दहाव्या हिश्शाएवढ्या झडतात आणि नव्या येतात. त्यांचा सगळा माल पक्ष्माभिकेच्या अरुंद मानेतून जातो. या आजारात नको असलेली प्रथिने बाहेर काढणारी यंत्रणा बिघडते, ती साचत जातात आणि पेशी मरते. म्हणून दृष्टी जन्मतः ठीक असते आणि सातव्या-आठव्या वर्षापासून संध्याकाळी अडचण सुरू होते.

डोळ्याची ईआरजी (दृष्टिपटलाची विद्युत तपासणी), मूत्रपिंडाची सोनोग्राफी, रक्तदाब, साखर आणि जनुक तपासणी करून घ्या. रातांधळेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतो, तेही पाहावे, कारण ते लगेच सुधारता येते. भुकेसाठी सेटमेलॅनोटाइड या इंजेक्शनला २०२२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. ते फार महाग आहे आणि डोळ्यावर त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : एक्स-रेमध्ये गर्भनलिका उघड्या आहेत, तरी गर्भ राहत नाही. पक्ष्माभिका तपासता येतात का? (पुणे)

उत्तर : एचएसजीच्या, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेल्या, एक्स-रेमध्ये नळी उघडी आहे एवढेच कळते, आतले अस्तर जिवंत आहे का ते कळत नाही. स्त्रीबीज नळीच्या तोंडाच्या झालरीवरून आत ओढून घेण्याचे काम मुख्यतः पक्ष्माभिकांचे. पुढचा प्रवास त्या आणि नळीचे स्नायू मिळून करतात, म्हणूनच पक्ष्माभिकांचा जन्मजात दोष असलेल्या काही स्त्रियांना नैसर्गिक गर्भधारणा होते, पुरुषांना मात्र क्वचितच. क्लॅमिडिया या जंतूच्या संसर्गाने किंवा जननमार्गाच्या क्षयाने हे अस्तर सोलवटते. अशा वेळी गर्भ नळीतच अडकण्याचाही धोका असतो. पक्ष्माभिकांची नेहमीची अशी तपासणी नाही. डॉक्टरांना क्षयाविषयी स्पष्ट विचारा. नळीला वळसा घालणारा उपाय म्हणजे आयव्हीएफ.

प्रश्न : कानातील केसपेशींचे केस म्हणजे पक्ष्माभिकाच ना? (कणकवली)

उत्तर : नाही. ते ॲक्टिन या प्रथिनाने भरलेले ताठ दांडे आहेत. खरी पक्ष्माभिका प्रत्येक पेशीवर एकच, कायनोसिलियम. तोल सांभाळणाऱ्या पेशींत ती आयुष्यभर राहते. सस्तन प्राण्यांच्या ऐकण्याच्या पेशींतून ती कान तयार झाल्यावर नाहीशी होते. पक्ष्माभिकांचा जन्मजात दोष असलेल्या मुलांना कमी ऐकू येते ते मध्यकर्णात साचलेल्या द्रवामुळे.

प्रश्न : बेडकाचे विच्छेदन बंद झाले. त्याच्या टाळूवर खसखशीचा दाणा ठेवून तो घशाकडे सरकताना दाखवत असू. आता मुलांना काय दाखवावे? (शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : रत्नागिरीत ही अडचण नसावी. बाजारातून जिवंत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, आणा. प्राणी अपृष्ठवंशीय असला तरी रचना तीच, ९+२. शिंपले उघडून कल्ल्याचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा कात्रीने कापा आणि त्या ज्या पाण्यात आल्या त्याच पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा. नळाच्या पाण्यात टाकला तर हालचाल काही क्षणांत थांबते, बहुतेक शाळांत प्रयोग फसतो तो इथेच. आवरणकाच ठेवून आधी १०० पट आणि मग ४०० पट मोठे करून पाहा. कंडेन्सरचे छिद्र लहान करा, नाहीतर पारदर्शक पक्ष्माभिका उजेडात हरवतात. कडेला थरथरत पुढे सरकणारी लाट दिसेल. दिव्याच्या उष्णतेने पाणी आटते, म्हणून मधूनमधून कडेने थेंब सोडा.

पृष्ठवंशीयच हवा असेल तर झेब्रा माशाची अंडी घ्या. हा मासा आपल्याच उपखंडातला. टाकीच्या तळाशी गोट्या पसरा, म्हणजे अंडी फटीत पडतात आणि आईबाप ती खात नाहीत. सकाळी उजेड झाल्यावर अंडी मिळतात. २८ अंशांच्या स्वच्छ पाण्यात ठेवली की साधारण १२ ते १४ तासांत शेपटीच्या बुंध्याशी एक स्वच्छ बुडबुडा दिसतो. ती कुप्फरची पुटिका, उंदराच्या नोडचे काम माशात ती करते. दुसऱ्या दिवशी पारदर्शक गर्भात हृदयाचे वळण कोणत्या बाजूला गेले, ते मुलांना स्वतः मोजता येईल. पांढरी पडलेली अंडी रोज काढा, नाहीतर बुरशी सगळ्यांवर पसरते.

प्रश्न : त्याऐवजी कोंबडीच्या अंड्यात हे पाहिले तर? (तोच शिक्षक)

उत्तर : जमणार नाही. कोंबडीच्या श्वासनलिकेत हलणाऱ्या पक्ष्माभिका भरपूर आहेत, पण तिच्या गर्भातल्या नोडमध्ये तसा प्रवाह नसतो. तिथल्या पेशीच डावीकडे सरकतात आणि बाजू त्यावरून ठरते. डुकरातही नोडमध्ये हलणाऱ्या पक्ष्माभिका नाहीत. हृदयाचे वळण पाहायचे असेल तर मात्र कोंबडीचे अंडे चालेल. उबवणीच्या ३० ते ४० तासांच्या दरम्यान ते उजवीकडे वळायला लागते.